खर्ड्याचा विजय आणि नगरचा कैदी : धर्म, घोडे आणि कर्ज यांनी पोखरलेल्या दोन सत्तांची कथा

१/
११ मार्च १७९५. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे बहुतेक मोठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आले होते. तहात निजामाने दौलताबादचा किल्ला, मुलूख आणि सुमारे ३ कोटी रुपये देण्याचे मान्य केले. या यशाचे सूत्रधार होते नाना फडणवीस.

२/
३१ डिसेंबर १७९७. तेच नाना फडणवीस पुण्यात कैद झाले आणि त्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. कैद करणारे सैन्य निजामाचे नव्हते, इंग्रजांचेही नव्हते. ते दौलतराव शिंद्यांचे होते. खर्ड्यात खांद्याला खांदा लावून लढलेले. १७९८ च्या जुलैमध्ये नाना सुटले, तेही सुमारे १० लाख रुपये मोजून.

३/
विजय आणि कैद यांत तीन वर्षांचेही अंतर नाही. एवढ्या अवधीत काय बिघडले? शालेय इतिहासात याचे उत्तर सहसा एका शब्दात मिळते : फितुरी. परंतु हा शब्द कारण सांगत नाही, केवळ दोषी दाखवतो. फितूर होणे सोपे आणि फायद्याचे का झाले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी याच किल्ल्याच्या आणखी मागच्या काळात जावे लागेल.

४/
१४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही स्थापन केली आणि १४९४ मध्ये नगर शहर वसवले. त्याचे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, अशी परंपरा सांगते. दौलताबादपासून कोकणातील चौलपर्यंत पसरलेले हे राज्य दख्खनच्या प्रबळ सत्तांपैकी एक होते. १५६५ मध्ये विजयनगरचा पराभव करणाऱ्या संयुक्त फौजेत हुसेन निजामशहा अग्रभागी होता.

५/
या राज्याच्या पोटात दोन भेगा होत्या. पहिली धर्माची.

दरबारात दोन गट होते. एक दख्खनी : येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले मुसलमान, आणि त्यांच्यासोबत बहुधा हबशी. दुसरा आफाकी अथवा गरीब, म्हणजे परदेशी : इराण, इराक, मध्य आशियातून आलेले सरदार, विद्वान, व्यापारी. मूळ झगडा पदांचा आणि जहागिरींचा होता. पंथभेदाने त्याला ईश्वरी कारण पुरवले.

६/
बुऱ्हाण निजामशहाने एका ब्राह्मण कारभाऱ्याला पेशवेपद दिले होते. म्हणजे हा दरबार एका रंगाचा कधीच नव्हता. परंतु १५३७ च्या सुमारास, इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने, बुऱ्हाणने शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. राजधानीत सुन्नी सरदारांचा उद्रेक झाला, तो दडपावा लागला.

७/
१५८९ मध्ये चक्र उलटे फिरले. दख्खनी गटाचा नेता जमालखान महदवी होता, म्हणजे जौनपूरच्या सय्यद महंमदाला महदी मानणाऱ्या पंथाचा अनुयायी. त्याच्या उठावात नगरमधील परदेशीयांची कत्तल झाली. अल्पवयीन इस्माईल गादीवर बसला आणि महदवी पंथ राजमान्य ठरला. याच सुमारास इतिहासकार फिरिश्ता नगर सोडून विजापूरच्या आश्रयाला गेला.

८/
दोनच वर्षांनी, १५९१ मध्ये, रोहिणखेडच्या लढाईत जमालखान मारला गेला. इस्माईलचा पिता दुसरा बुऱ्हाण गादीवर आला, शिया पंथ पुन्हा राजमान्य झाला आणि आता छळ महदवींच्या वाट्याला आला.

५४ वर्षांत राज्याचा पंथ तीनदा जाहीर झाला. प्रत्येक वेळी अनुभवी माणसांचा एक थर मारला गेला, पळाला किंवा सूडाची वाट पाहत बसला.

९/
येथे एक काळजी घ्यायला हवी. शिया, सुन्नी वा महदवी असणे हे राज्यनाशाचे कारण नव्हते. श्रद्धा ही पदाची पात्रता ठरली, तेव्हा धोका सुरू झाला. त्यानंतर प्रत्येक सत्तांतर हे पराभूत गटासाठी जीवन-मरणाचे झाले. आणि ज्याचे सर्वस्व पणाला लागते, तो बाहेरच्या शत्रूचीही मदत घेतो.

१०/
दुसरी भेग ऊर्जेची. सोळाव्या शतकात लष्कराचे इंधन म्हणजे घोडा.

दख्खनचे कोरडे हवामान आणि चारा यांवर काटक तट्टे पोसली जात. पण चिलखती स्वार पेलणारा उमदा घोडा अरबस्तान आणि इराणमधून यायचा : होर्मुझ, मग अरबी समुद्र, मग गोवा, दाभोळ किंवा चौल. प्रवासात, युद्धात आणि रोगराईत घोडे मरत. म्हणून ही खरेदी एकदा करून संपणारी नव्हती. दरवर्षी सोने समुद्रापार जात राहायचे.

११/
या वाटेची दोन्ही टोके पोर्तुगीजांनी धरली. १५१० मध्ये गोवा, १५१५ मध्ये होर्मुझ. मधल्या समुद्रात त्यांच्या परवान्याशिवाय जहाज चालवणे जोखमीचे झाले. निजामशाहीच्या चौल बंदराशेजारी १५१६ मध्ये त्यांची वखार आली, १५२१ पासून किल्ला उभा राहू लागला. घोडा कोणाला द्यायचा, कोणाला नाही, हे आता व्यापाराचे नव्हे तर राजनीतीचे शस्त्र झाले.

१२/
निजामशाहीला हे कळत नव्हते असे नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने प्रचंड सैन्यानिशी पोर्तुगीज चौलला वेढा दिला. त्याच वेळी विजापूरने गोव्याला वेढले. दोन्ही वेढे फसले. जमिनीवर वेढा कितीही घट्ट असला तरी समुद्राची बाजू मोकळी होती, आणि तेथून शत्रूला रसद मिळत राहिली. निजामशाही सरदारांनी लाच घेतली, असेही फिरिश्ता नोंदवतो.

१३/
१५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाणने चौलच्या खाडीसमोर कोर्लईच्या टेकडीवर तटबंदी करून पुन्हा प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली आणि त्या संघर्षात निजामशाहीची मोठी फौज कापली गेली. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण मरण पावला. गादीवर आलेला त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना ठार झाला.

१४/
आता दोन्ही भेगा एकमेकींना मिळाल्या. दरबारात चार गट पडले आणि वारसांवरून कलह सुरू झाला. किल्ल्यात कोंडला गेलेला दख्खनी नेता मियाँ मंजू याने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला मदतीसाठी पत्र लिहिले. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, पण मुघल सैन्य निघाले होते. डिसेंबर १५९५ मध्ये ते नगरच्या तटाखाली आले.

१५/
पुढचे शौर्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. सुरुंगाने तट फुटला, चांदबिबीने खिंडारात उभे राहून झुंज दिली आणि रातोरात भिंत पुन्हा बांधून काढली. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. पण १६०० मध्ये, दुसऱ्या वेढ्यात, मुघलांशी बोलणी करू पाहणाऱ्या चांदबिबीला किल्ल्यातल्याच जमावाने ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. दगडी तट दुरुस्त करता आला, दरबारातला विश्वास करता आला नाही.

१६/
समुद्रापलीकडे पाहिले तर ही गोष्ट एकट्या नगरची नव्हती. १५८० पासून पोर्तुगाल, आणि म्हणून चौल व गोवा, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या ताब्यात होते. अमेरिकेतील चांदी, धर्मयुद्धांचा ध्यास, जगभर पसरलेले आरमार. तरीही सावकारांची देणी थांबवण्याची वेळ त्याच्यावर अनेकदा आली. त्यांपैकी शेवटची १५९६ ची, म्हणजे चांदबिबीच्या तहाचेच वर्ष. खजिना मोठा असणे आणि राज्य कर्जमुक्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१७/
येथून तिसरी भेग : कर्ज. आणि पुन्हा नगरचाच किल्ला.

१७५९ मध्ये हा किल्ला पेशव्यांकडे आला तो तोफांनी नव्हे. किल्लेदार कवी जंगला पैसा देऊन तो मिळवला गेला. पैशाने मिळालेला किल्ला पुढे पैशापायीच हातचा जाणार होता.

१८/
मराठी सत्तेचे अर्थकारण थोडक्यात असे : मोहिमेपूर्वी सावकाराकडून कर्ज, मोहिमेत चौथाई आणि खंडणी, परतल्यावर कर्जफेड. रोख नसेल तर सैनिकांचा पगार एखाद्या परगण्याच्या वसुलावर ‘वरात’ देऊन भागवला जाई. राज्य वाढत होते तोवर हे चक्र फिरले. थोरल्या बाजीरावांपासून पेशवे कर्जाच्या विवंचनेत होते. १७७२ मध्ये थेऊरला मृत्युशय्येवर असलेल्या माधवरावांनी जी अखेरची कलमे लिहवून घेतली, त्यांत कर्जफेडीचाही समावेश होता.

१९/
अठराव्या शतकाच्या अखेरीस युद्धाचे स्वरूप पालटले. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पायदळ आणि तोफखाना उभारला. ही फौज बलाढ्य होती, पण तिला बारमाही रोख पगार लागे. जुना स्वार पावसाळ्यात घरी शेतावर जाई, कवायती पलटण छावणीत बसूनही खर्च करी. पूर्वी परावलंबन घोड्यांचे होते, आता ते परदेशी अधिकाऱ्यांचे झाले.

२०/
ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि गादीसाठी बोली लागू लागली. १७९६ च्या महाडच्या करारात निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी नानांनीच खर्ड्याला मिळवलेला मुलूख आणि येणे रक्कम सोडण्याची तयारी दाखवली. दौलतरावांना नगरचा किल्ला देण्याचे ठरले आणि १७९७ मध्ये तो शिंद्यांकडे गेला. रणांगणावरचा विजय गादीच्या सौद्यात खर्ची पडला.

२१/
बाजीराव दुसरे गादीवर आले, पण नानांपासून सुटका हवी होती. त्यासाठी त्यांनी दौलतरावांना सुमारे २ कोटी रुपये कबूल केले. नानांना पकडले ते शिंद्यांच्या सेवेतील मिशेल फिलोझ या इटालियन अधिकाऱ्याने. मात्र पेशव्यांकडे द्यायला पैसा नव्हता आणि दौलतरावांची फौज पगारासाठी तकाजा लावून बसली होती. तेव्हा ‘पुण्यातून वसूल करा’ असा मार्ग निघाला.

२२/
वसुलीला गेले सर्जेराव घाटगे, दौलतरावांचे सासरे. १७९८ मध्ये पुण्यातील सावकार आणि सधन लोकांना पकडून, छळ करून पैसा काढण्यात आला. ज्यांच्या कर्जावर राज्य चालत होते, तेच लुटले गेले. त्यानंतर या राज्याला विश्वासाने कर्ज कोण देणार? पुढे बाजीरावांनी परगण्यांची मामलत सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मक्त्याने देण्यास सुरुवात केली. बोलीची रक्कम अखेर रयतेकडूनच निघणार होती.

२३/
ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांचा पराभव केला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईचा तह केला : इंग्रजांच्या सहा पलटणी, आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. जी फौज स्वतःच्या पैशाने पोसता येत नव्हती, ती दुसऱ्याच्या तैनातीत घेतली आणि त्यासाठी उत्पन्नाचा झराच देऊन टाकला.

२४/
८ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली. १२ तारखेला किल्लेदाराने किल्ला सोडला. अटी होत्या : शिबंदीला सुखरूप जाऊ द्यावे, खाजगी मालमत्ता नेऊ द्यावी. त्याच सुमारास इंग्रजांच्या जाहीरनाम्याने शिंद्यांच्या सेवेतील अनेक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले. सेनापती पेराँनेही साथ सोडली. पगारावर बांधलेली निष्ठा अधिक चांगल्या हमीकडे वळली.

२५/
आणि रयत? १८०३-०४ मध्ये नगर परिसरात भीषण दुष्काळ पडला. पाऊस कमी होताच, त्यात फौजांनी उभी पिके आणि धान्याचे साठे फस्त केले होते. राज्याचे कर्ज कधी कागदावर राहत नाही. शेवटी ते अशाच कोणाच्या तरी कणगीतून फेडले जाते.

२६/
याच जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण येथे आठवते. काशीपासून रामेश्वरपर्यंत त्यांनी केलेला धर्मादाय खर्च प्रामुख्याने ‘खासगी’च्या उत्पन्नातून होता, दौलतीच्या खजिन्यातून नव्हे. श्रद्धा गाढ होती, हिशेब वेगळा होता. म्हणजे धर्म आणि राज्य यांचा मेळ घालण्याचे दुसरे मार्गही त्या काळाला ठाऊक होते.

२७/
आज घोड्यांची जहाजे येत नाहीत, पण होर्मुझची सामुद्रधुनी तीच आहे. भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो आणि त्यातला मोठा वाटा याच अरुंद वाटेने येतो. इतिहास स्वतःची नक्कल करत नाही. निजामशाही म्हणजे आजचे राष्ट्र नव्हे. परंतु प्रश्न विचारण्याची पद्धत तो शिकवतो.

२८/
कोणत्याही बलाढ्य राज्याकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत. पदासाठी पात्रता कोणती : कर्तृत्व की पंथ? सैन्य आणि बाजार ज्यावर चालतो, ते इंधन कोणाच्या दारातून येते? आणि आजचा खर्च उद्याच्या कोणत्या उत्पन्नावर लिहून ठेवला आहे?

२९/
नगरचा किल्ला आजही भक्कम उभा आहे. रुंद खंदक, चिरेबंदी बुरूज. १५९६ मध्ये तोफांनी आणि सुरुंगांनीही तो पडला नाही. तो हातचा गेला तो जमालखानाच्या कत्तलीत, चौलच्या मोकळ्या समुद्रात आणि पुण्याच्या रिकाम्या खजिन्यात. वेढा पडण्यापूर्वीच.

(समाप्त)