एका गोळीचा इतिहास: बर्लिन ते सिरसाळा

२०१८ मध्ये आमच्या बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या शस्त्रक्रियेची खूप चर्चा झाली. त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळलं होतं, त्यामुळे ती केस जरा वेगळी. पण लिंगबदल म्हणजे ऑपरेशन, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. खरं तर अनेक ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षानुवर्षं चालणारा उपचार असतो हार्मोन्सचा. मग ही हार्मोन्स घातक असतात का? उत्तर एका रेणूच्या इतिहासात आहे.

१९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत एथिनिल एस्ट्राडायॉल तयार झालं. नैसर्गिक एस्ट्राडायॉल पोटातून घेतलं की यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं. या नव्या रेणूला जोडलेला एथिनिल गट ते मोडू देत नाही. म्हणून ते गोळीतून देता आलं, आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांमध्येही आलं. पण जे यकृतात टिकतं, ते यकृताला रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायलाही लावतं. गुठळीचा धोका येतो तो इथून.

नेदरलँड्समध्ये ट्रान्स स्त्रियांना हेच औषध रोज १०० मायक्रोग्रॅम दिलं जायचं. २०११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी ९६६ ट्रान्स स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हे औषध चालू असणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट दिसला. एकूण मृत्यूदरही सामान्य लोकसंख्येपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होता, पण त्यात मोठा वाटा आत्महत्या आणि एड्सचा होता. म्हणजे सगळा दोष हार्मोनच्या माथी मारता येत नाही. आज तिथे नैसर्गिक एस्ट्राडायॉल देतात.

मनाचं काय? ऑस्ट्रेलियात ६४ प्रौढांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये छापून आली. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन लगेच मिळालं, निम्मे तीन महिने थांबले. लगेच मिळालेल्यांचं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार स्पष्टपणे कमी झाले. अर्थात टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं, म्हणून तपासण्या लागतातच.

आता सिरसाळ्याकडे या. इथे हार्मोनतज्ज्ञ नाही, पण 'माला-डी' सहज मिळते. तिच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल असतं. डॉक्टरकडे जायची लाज, भीती किंवा ऐपत नसणं, यातून देशभर अनेक ट्रान्स स्त्रिया अशाच गोळ्या घेतात, तेही लवकर फरक दिसावा म्हणून दोन-तीन एकदम. तीन गोळ्या म्हणजे ९० मायक्रोग्रॅम. अ‍ॅमस्टरडॅमने सोडलेला डोस जवळपास तोच, फरक इतकाच की इथे रक्ततपासणी करणारं कुणी नाही.

२०१९ च्या कायद्याने हार्मोन थेरपी आणि समुपदेशनाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. ती सोय तालुक्यापर्यंत पोचत नाही, तोवर मेडिकलचं दुकान हाच दवाखाना. तेव्हा "हार्मोन घातक का?" याआधी विचारा: कोणतं, किती, आणि लक्ष कोण ठेवतंय?