पिंपातली नदी

नदीकाठी सहलीला नेलेल्या मुलांना गोटे गोळा करायला सांगितले की एखादा तरी विचारतोच, "सर, हे इतके गुळगुळीत कसे झाले?" आपण सांगतो, "पाण्याबरोबर वाहताना घासून." उत्तर बरोबर आहे. "किती अंतर वाहिल्यावर?" असे पुढे विचारले, तर मात्र आपण अडतो.

एकाच दगडाच्या मागे मैलोगणती चालत जाणे कोणाला जमणार? ओग्युस्त दोब्रे (१८१४–१८९६) या फ्रेंच भूशास्त्रज्ञांनी नदीच खोलीत आणली. ऱ्हाइनकाठच्या स्ट्रासबर्ग येथे ते प्राध्यापक होते. दगडांचे कोनदार तुकडे आणि पाणी आडव्या पिंपात घालून त्यांनी पिंप फिरवत ठेवले आणि १८५७ मध्ये या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिंपाचा परीघ गुणिले फेऱ्या म्हणजे दगडाचा प्रवास, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्यांचा सर्वांत बोलका प्रयोग फेल्डस्पारचा आहे. ३ किलो फेल्डस्पार आणि ५ लिटर पाणी १९२ तास फिरले. हिशेबाने ४६० किलोमीटर झाले. शेवटी २ किलो ७२० ग्रॅम गाळ निघाला, म्हणजे जवळजवळ सगळ्याच दगडाचे पीठ झाले. त्याहून नवलाची गोष्ट पाण्यात होती. पाण्यात १२.६ ग्रॅम पोटॅश उतरले होते. कोणतेही आम्ल घातलेले नव्हते. नुसत्या घासण्याने खनिजातले पोटॅश मोकळे झाले होते. नदीच्या गाळाने शेत का पिकते, याचा एक धागा या पिंपात सापडतो.

पण पिंप म्हणजे नदी खरेच का? नदीचा दगड कधी वाळूत रुततो, कधी पुराची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहतो. पिंपात तो फक्त आपल्याच भाऊबंदांवर आपटतो. हॉलंडचे फिलिप क्यूनेन यांना हे पटत नव्हते. त्यांनी १९५० च्या दशकात वर्तुळाकार पाट बांधला, त्याला काँक्रीटचा तळ केला आणि पाण्याच्या प्रवाहाने दगड त्यावरून गडगडत नेले. आम्हाला क्यूनेन यांची तक्रार रास्त वाटते. पिंपातले किलोमीटर जसेच्या तसे नदीला लावू नयेत. तरीही दोब्रे यांचे पिंप अडगळीत गेले नाही. २०१२ मध्ये 'क्युरिऑसिटी' या यानाला मंगळावर गोलसर गोटे दिसले. हंगेरी व अमेरिकेतील संशोधकांनी फिरत्या पिंपात चुनखडीचे तुकडे घासून, आकार आणि घटलेले वस्तुमान यांचे नाते शोधले आणि पृथ्वीवरच्या खऱ्या नद्यांमधल्या गोट्यांशी ते ताडून पाहिले. २०१५ मध्ये त्यांनी सांगितले की मंगळावरचे ते गोटे उगमापासून काही दशक किलोमीटर वाहत आले असावेत. ते गोटे बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या दगडाचे!

हे पिंप शाळेत करता येते. आम्ही २० सेंटिमीटर व्यासाचा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. जुन्या बाजारातून मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर आणली. तिच्यात दंतचक्रे असतात, त्यामुळे ती मिनिटाला सुमारे ४५ फेऱ्या एवढ्या संथ गतीने फिरते. शिवणयंत्राची मोटर इथे चालत नाही; ती फारच वेगवान असते. मोटरचा दांडा डब्याच्या बुडाला जोडला आणि डबा खुर्चीच्या चार चाकांवर आडवा टेकवला. मोटरला बॅटरी द्यावी आणि ती तापू लागली की थांबवावे. घरातल्या विजेची तार पाण्याजवळ आणू नये.

वेग का जपायचा, हे अकरावीच्या मुलांना गणिताने दाखवता येते. डबा फार जोरात फिरला तर दगड भिंतीला चिकटून गोल फिरत राहतात, खाली पडतच नाहीत. माथ्यावर ω²r आणि g समान झाले की ही वेळ येते. r = ०.१ मीटर धरला तर मिनिटाला सुमारे ९५ फेऱ्या येतात. त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिले की दगड नीट कोसळतात. आमच्या ४५ फेऱ्यांचा दोब्रे यांच्या रीतीने हिशेब केला तर तासाला १.७ किलोमीटर होतात.

डबा निम्मा भरावा. विटेच्या तुकड्यांचे कोपरे आमच्याकडे पहिल्याच तासात गेले. तुकडे आधी रात्रभर भिजवून ठेवावेत, नाहीतर वीट पाणी पिते आणि वजन फसवते. रस्त्यावरची खडी मात्र आठवडाभर रोज फिरवूनही हट्टीच राहिली. दर तासाला वजन घेऊन आलेख काढला तर सुरुवातीचा उतार तीव्र येतो, कारण कोपरे आधी झडतात.

सुट्टीत डबा रिकामा असेल तर वर्कशॉपमधले गंजलेले नटबोल्ट कोरड्या वाळूबरोबर त्यात फिरवावेत; गंज झडून जातो. जाळीचा डबा लावला तर बागेतले कंपोस्ट चाळूनही निघते.

फेल्डस्पारची पाळी आमच्याकडे अजून यायची आहे. मूर्तिकाम करणाऱ्यांकडून ग्रॅनाइटची कपची आणली आहे. तिच्यात गुलाबी फेल्डस्पार ठळक दिसतो. गढूळ पाणी गाळून त्यात तांबडा लिटमस बुडवायचा आहे.