यकृतदात्याचे दीर्घकालीन आरोग्य

जिवंतपणी यकृताचा भाग दिल्यानंतर दात्याच्या शरीराचे, मनाचे आणि संसाराचे पुढील वर्षांत काय होते, हा या नोंदीचा विषय आहे. १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा मुलाला बसवला. जिवंत दात्याकडून झालेले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत वडिलांच्या यकृतावर एक चिमुकला मुलगा वाचला. लहान मुलाला डावीकडचा छोटा भाग पुरतो. प्रौढाला बहुधा उजवा खंड लागतो, आणि तो यकृताचा सुमारे ६० टक्के असतो. दात्याच्या मृत्यूचा धोका डाव्या भागासाठी हजारी १, तर उजव्यासाठी हजारी २ ते ५ असा सांगितला जातो.

‘लिव्हर परत वाढते’ हे घरच्यांना सगळ्यात आधी सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. काढलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेला खंड फुगून जागा भरतो. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते आणि वर्षभरात आकारमान मूळच्या जवळपास जाते. गेलेल्या खंडाच्या रक्तवाहिन्या व पित्तनलिका मात्र परत येत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांदा यकृतदान करता येत नाही. उजवा खंड देताना पित्ताशयही काढतात. काही वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तर यकृताचा आकार अनोळखी दिसतो व पित्ताशय सापडत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड जन्मभर जपून ठेवावे.

यकृताचे काम सहसा लवकर पूर्वपदावर येते. त्रास उरतो तो पोटाच्या भिंतीत. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात सुमारे ४० टक्के दात्यांना काही ना काही गुंतागुंत झाली: पित्तगळती, जंतुसंसर्ग, छातीत पाणी, टाक्यांच्या जागी हर्निया. बहुतेक तक्रारी वर्षाच्या आत मिटल्या. व्रणाभोवतीची बधिरता, वाकताना बसणारी ओढ, जेवणानंतरचा जडपणा हे मात्र काहींच्या वाट्याला वर्षानुवर्षे राहते. रिपोर्ट नॉर्मल आला की या तक्रारींकडे घरात आणि दवाखान्यातही काणाडोळा होतो. दात्यावर हा अन्याय आहे. कामावर परतायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. ऑफिसात बसणाऱ्याला आणि पोती उचलणाऱ्या हमालाला एकच मुदत देऊन चालत नाही.

प्लेटलेटची संख्या अनेक दात्यांत शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा थोडी कमी राहते. त्याने अपाय होत नाही. पण आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की आधी प्लेटलेट मोजतात, तेव्हा नेहमीचा आकडा डॉक्टरांना माहीत असला तर घबराट टळते.

जीवनमानाच्या प्रश्नावलीत दात्यांचे गुण पहिले काही महिने घसरतात, मग सावरतात. पुढे ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा चांगलेही आढळतात, कारण मुळात निरोगी माणसेच दाता म्हणून निवडली जातात. पुन्हा वेळ आली तरी दान करू, असे बहुसंख्य दाते सांगतात. ज्याला यकृत दिले तो दगावला, तर चित्र पालटते. दुःख, अपराधभाव आणि शरीरावरचा व्रण एकत्र भोगावा लागतो. अशा दात्याला मानसिक आधार देणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातेवाइकांना दानाची वाट आखून दिली. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडेही त्यात आली. देशातील जिवंत अवयवदात्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात चूल आणि पाण्याचे हंडे पुन्हा त्यांच्याकडेच येतात, आणि संमती घेताना हे कुणी विचारात घेत नाही. गर्भधारणा शक्य असते. सुमारे वर्षभर थांबण्याचा सल्ला देतात. घरात एकाच वेळी रुग्ण आणि दाता असे दोघे अंथरुणाला खिळले की कमाई थांबते. शिवाय दात्याला नंतर उद्भवणाऱ्या त्रासाचा खर्च अनेक विमा पॉलिसींत बसत नाही.

पहिल्या वर्षी ठरल्या वेळी आणि पुढे वर्षातून एकदा रक्ततपासणी, गरजेप्रमाणे सोनोग्राफी, वजनावर ताबा आणि मद्यापासून दूर राहणे, एवढी पथ्ये बहुतेकांना पुरतात. वजन वाढले की उरलेल्या यकृतातही चरबी साठते. ‘लिव्हर टॉनिक’ किंवा काढे मनाने घेऊ नयेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. प्रत्यक्षात पहिल्या वर्षानंतर बरेच दाते तपासणीला येत नाहीत. रुग्णाची फाइल जाडजूड होत जाते, दात्याची मात्र चार-सहा कागदांवर थांबते. रुग्णाच्या प्रत्येक भेटीला दात्यालाही बोलावून त्याची स्वतंत्र नोंद ठेवली, तर फार खर्च न करता ही उणीव भरून काढता येईल.