इरावतीबाईंचे प्रश्न आणि आपल्या लेकी



बारावीचा निकाल लागला आणि आमच्या बचत गटातल्या एका ताईची लेक घरी म्हणाली, "बी.ए.ला मला मानवशास्त्र मेजर घ्यायचंय." ताईला वाटलं, मानसशास्त्र. लेक म्हणाली, "मन नाही गं आई, माणूस. माणसं कुठून आली, लग्नं कशी जुळवतात, काय खातात, कुणाला आपलं म्हणतात, त्याचा अभ्यास." ताई म्हणाली, "ते तर आम्ही रोज ओट्यावर बसून करतो. त्याला फी कशाला भरायची?"

आम्ही सगळ्या हसलो. पण घरात वाद पेटला होता. वडिलांचं म्हणणं, एमआयडीसीत नोकरी लागेल असं काहीतरी शीक. ताई आम्हाला म्हणाली, "हे शिकून कुठल्या बाईचं भलं झालंय का, ते सांगा." मग आम्ही शोध घेतला, आणि सापडल्या इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. वडील तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला, हुजूरपागेत पाठवलं. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून 1926 साली त्या बी.ए. झाल्या, तेही तत्त्वज्ञान घेऊन. मग मुंबईला घुर्ये सरांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं.

त्यांचं लग्न झालं महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. पुढे शिकायला जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा महर्षींनाच ते पसंत नव्हतं. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी जन्म घालवला, त्यांच्या घरात ही अडचण! पण नवरा पाठीशी उभा राहिला आणि बाई बर्लिनला गेल्या.

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ओयगेन फिशर. गोरे लोक जास्त बुद्धिमान, आणि ते त्यांच्या कवटीच्या ठेवणीवरून दिसतं, असा त्यांचा समज होता. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांच्या कवट्या एकेक करून मोजल्या. फरक काही सापडेना. गुरूला आवडणार नाही हे माहीत असूनही त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं. 1930 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे जर्मनीत वंशाच्या नावाखाली केवढी माणसं मारली गेली ते जगाने पाहिलं. एका परक्या मुलुखातल्या तरुण बाईने त्याआधीच मोजमाप करून सांगितलं होतं की या म्हणण्याला आधार नाही.

परत आल्यावर 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या आणि गावोगाव हिंडू लागल्या. 1953 साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं मोठं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यात काय आहे, ते आपल्या एमआयडीसीतच कळतं बघा.

आमच्या शेजारच्या खोल्यांत बिहारकडची कुटुंबं राहतात. आमच्या एका भाचीचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी ठरलं. पेढे द्यायला गेलो, तर तिथली वहिनी दचकलीच. म्हणाली, "मामा की लड़की तो बहन होती है!" तिच्याकडे लेक दूरच्या, अनोळखी गावातच देतात. आपल्याकडे बऱ्याच जातींत मुलाला मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. वेल माघारी वळू नये, असं आपण म्हणतो. आणखी दक्षिणेला गेलं, तर काही समाजांत भाची सख्ख्या मामालाच देतात. इरावतीबाईंनी हे सगळं नीट मांडलं. उत्तरेची रीत एक, दक्षिणेची दुसरी, आणि महाराष्ट्र मधोमध.

नुसती गंमत नाही ही. सासू आत्याच असेल, तर नव्या नवरीला घर ओळखीचं असतं. अनोळखी गावात गेलेल्या लेकीला मात्र दुखलंखुपलं सांगायला कुणी नसतं. रीत बदलली की बाईचं जगणंही बदलतं. हे ओट्यावर आपल्यालाही कळतं. फरक एवढाच, की त्यांनी ते विचारलं, लिहिलं आणि ताडून पाहिलं.

पंढरीच्या वारीतही त्या चालल्या. एका वाटेने जाणारी, एकच नाव घेणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना खुपलं आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहिलं. तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापुरातून जाते. आपणही तिला भाकरी-पिठलं करून घालतो. आपल्या पंगतीत कोण कुठे बसतं, हे कधी पाहिलंय का?

आता शेवटचं. कोयना धरणात ज्यांची गावं गेली, त्या माणसांची पाहणी इरावतीबाईंनी केली. बरोबर होत्या त्यांच्या कन्या, आपल्या शेजारच्या फलटणच्या लेखिका जाई निंबकर. तो अहवाल 1969 साली निघाला.

हे वाचून आमच्या गटातली एक आजी गप्प झाली. तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण 1980 साली पूर्ण झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ते बघायला, फोटो काढायला लोक येतात. आजी म्हणाली, "देवळाचे फोटो काढतात. आमची चूल कुठे होती, कोण मैत्रीण कुठल्या गावाला गेली, हे मला कधी कुणी विचारलं नाही."

त्या दिवशी ताईने लेकीला होकार दिला.

पोटाचा प्रश्न आहेच, तो आम्ही टाळत नाही. बी.ए.ला हा विषय सगळ्या कॉलेजांत नसतो, आधी चौकशी करा. जवळ नसला तरी वाट बंद होत नाही, इरावतीबाईंनीही बी.ए.ला दुसराच विषय घेतला होता. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचं एम.ए. आणि एम.एस्सी. होतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला हा ऐच्छिक विषय घेता येतो. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पाहण्या, संग्रहालयं, आरोग्याचे प्रकल्प, असं कामही असतं. पगार पहिल्या दिवसापासून मोठा नसेल, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

आणि एक काम आपण सगळ्यांनी करायचं. पुढच्या बैठकीला गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईला बोलतं करा. माहेर कुठलं, लग्न कसं जुळलं, गाव का सोडलं ते विचारा. शाळेत जाणाऱ्या एखाद्या लेकीला वही घेऊन शेजारी बसवा. आमची आजी पंच्याऐंशीची आहे. आम्ही या रविवारीच बसणार आहोत.