गाणं कुणाचं, सातबारा कुणाचा?

एल्व्हिस प्रेस्ली सगळ्यांना माहीत आहे. 5 जुलै 1954 रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याने ‘दॅट्स ऑल राइट’ गायलं आणि ती त्याची पहिली गाजलेली तबकडी ठरली. हे गाणं मिसिसिपीच्या आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं. त्याने ते 1946 मध्येच ध्वनिमुद्रित केलं होतं. आणि बरं का, नाव चोरलं वगैरे काही नाही. एल्व्हिसच्या तबकडीवर रचनाकार म्हणून क्रूडपचंच नाव होतं. पुढे एल्व्हिसने त्याचं जाहीर कौतुकही केलं. मग क्रूडपला पैसा का मिळाला नाही?

इथे अमेरिकेतला व्यवहार बघावा लागतो. त्या काळी तबकडी विकली गेली की दर गाण्यामागे 2 सेंट रचनेच्या मालकाला. रेडिओवर वाजलं तरी गायकाला काही नाही, पैसा रचनेच्या खात्यात. म्हणजे खरी जमीन ती. आणि क्रूडपच्या रचनांचे हक्क त्याचा व्यवस्थापक लेस्टर मेलरोज याच्याकडे गेलेले. पाटीवर नाव क्रूडपचं, सातबारा दुसऱ्याचा!

आता कुणी म्हणेल, क्रूडप तरी खरा मालक कुठे? या गाण्यातल्या काही ओळी ब्लाइंड लेमन जेफरसनच्या 1926 च्या तबकडीतही सापडतात. ब्लूजमध्ये ओळी अशाच तोंडोतोंडी फिरायच्या. मुद्दा खरा आहे. जॉन लॉक म्हणतो, ज्यात माणसाचे श्रम मिसळले ते त्याचं. इथे तर अनेकांचे श्रम. पण गाणं सगळ्यांचं म्हणून एकट्या क्रूडपचं नाही, असं मानलं, तर मग ते मेलरोजचं कसं झालं? त्याने तर एक ओळसुद्धा गायली नव्हती.

क्रूडपने वैतागून ध्वनिमुद्रण सोडलं आणि व्हर्जिनियात शेतमजुरी केली. पुढे डिक वॉटरमन या व्यवस्थापकाने त्याच्या पैशासाठी पाठपुरावा केला. तोवर हक्क हिल अँड रेंज कंपनीकडे आलेले. 60,000 डॉलरवर तडजोड ठरली. म्हातारा मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेला, कागदावर सह्याही केल्या. कंपनीच्या प्रमुखाने ऐन वेळी नकार दिला. हिशोब असा की, कोर्टात हरलो तरी एवढे जाणार नाहीत! रिकाम्या हाताने सगळे परतले.

1974 मध्ये क्रूडप वारला. त्यानंतर ती कंपनी विकायला निघाली, तेव्हा हा वाद सौद्याच्या आड येऊ लागला. मग मात्र त्याच्या वारसांना पैसे मिळाले.