पाण्याची राखण

व्याख्याने ऐकावयास आपण वसंतात जमतो, आणि त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातील विहिरींचे तळ दिसू लागतात. म्हणून या दिवसांत पाण्याचा इतिहास सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. मात्र पाणी कोणी आणले, यापेक्षा आणलेले पाणी कसे राखले जाते, याविषयीच आम्ही चार शब्द बोलणार आहो.

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गचा किल्ला आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. बोरी नदीचे पाणी तेथे किल्ल्याभोवती खेळविलेले आहे, आणि किल्ला व रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा त्या पाण्याला आडवा उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन या स्थपतीने तो बांधला. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे डोक्यावरून कोसळत असता आत उभा असलेला मनुष्य कोरडा राहतो. पाहणारे या चमत्काराने थक्क होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ज्याने पाणी अडविले, त्यानेच पुराला वाटही ठेवली. जादा पाणी ठरलेल्या मार्गाने निघून जाते. बंधाऱ्याशी त्याला झुंजावे लागत नाही. बांधणाराने बांधतानाच वाईटात वाईट दिवसाचा विचार केला होता.

दुसरे उदाहरण परंड्यापासून सुरू होते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसविले, तेव्हा परंडा काही काळ निजामशाहीची राजधानी होता. याच मलिक अंबरने पुढे १६१० मध्ये खडकी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरपायथ्याच्या झिरपाचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर त्या शहरात आणणारी नहर त्याने बांधली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेवली, आणि कोंडलेली हवा निघून जावी म्हणून मनोरे उभारले. गाळ साचणार हे त्याने गृहीत धरले होते, म्हणून गाळ काढणाराची वाटही त्याने आधीच बांधून ठेवली. ती नहर शतकानुशतके वाहिली, याचे इंगित आम्हांस येथे दिसते.

आता आपल्या काळाकडे वळू. २०१३ च्या दुष्काळात आपला जिल्हा किती होरपळला, हे आपणांस सांगावयास नको. त्यानंतर तीनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला गेली. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यातील गाव. ती गाडी आपल्याच धाराशिवच्या स्थानकावरून पुढे गेली. तिच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. धाराशिव शहरासाठीही भीमेवरील उजनी धरणातून नळाने पाणी आणावे लागले. ते पाणी आपल्या घाटमाथ्यावर आपण होऊन चढत नाही. पंपांनी उचलावे लागते, आणि उचललेल्या प्रत्येक घागरीस विजेचा खर्च पडतो.

इतक्या सायासाने आलेले पाणी गल्लीतल्या फुटक्या सांध्यातून गटारात गेले, तर त्यास काय म्हणावे? नुकसान तेवढ्यावरच थांबत नाही. दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी सोडले की मधल्या काळात नळ रिकामे पडतात, आणि जेथून पाणी बाहेर गळत होते तेथूनच गटाराचे पाणी आत शिरते. त्यात प्रत्येक घराने थेट नळाला मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. रोगराई अशा वाटेने घरात येते. मग दोष धरणाचा नसतो, ढगांचाही नसतो.

कोणी म्हणेल, धरणच कोरडे पडल्यावर दुरुस्ती काय कामाची? आक्षेप खरा आहे. कितीही चोख सांधा पाऊस पाडू शकत नाही, आणि नव्या योजना लागतीलच. परंतु गळक्या घागरीत मोठी विहीर ओतली तरी घागर गळकीच राहते. सुधारणा करावयाची तर कोणता नळ कोणत्या रस्त्याखाली आहे याचा नकाशा हवा, जलकुंभातून किती पाणी निघाले व घरांत किती पोचले याचे माप हवे, आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी राखून ठेवलेला पैसा हवा. १९६५ च्या नगरपालिका कायद्याने पाणीपुरवठा हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य याचा अर्थ उद्घाटन नव्हे; उद्घाटनानंतरची सारी वर्षे होत. आणि पाणीपट्टी भरणे, तोटी बंद करणे, गळती दिसताच कळविणे हा त्या कर्तव्यातील आपला वाटा आहे.

मीर इमादीनचे नाव इतिहासाने राखले. त्या बंधाऱ्याची देखभाल करणारांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. आपल्या गल्लीत पहाटे उठून चावी फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाचे नाव तरी आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? घरी गेल्यावर तेवढे विचारून घ्यावे. आणि नगरपालिकेचा पुढचा अर्थसंकल्प येईल तेव्हा नव्या योजनेच्या आकड्याआधी दुरुस्तीचा आकडा वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.