चौकशीच्या खोलीतला तिसरा माणूस

१९७२ साली लंडनच्या कॅटफर्ड भागात मॅक्सवेल कॉन्फेट यांचा खून झाला. पोलिसांनी १८, १५ आणि १४ वर्षांच्या तिघांकडून कबुलीजबाब घेतले. थोरला बौद्धिकदृष्ट्या अपंग होता. चौकशी करताना शेजारी आपलं माणूस नव्हतं. तिघांनाही शिक्षा झाली. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, पण कोवळ्या वयाची तीन वर्षं गेली ती गेलीच.

या प्रकरणातून १९८४चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा घडला. दुबळ्या संशयिताच्या चौकशीला पोलिसांबाहेरची प्रौढ व्यक्ती हजर हवी, असं त्याच्या नियमावलीत आलं. स्वमग्न माणसांनाही हा आधार मिळू शकतो, मात्र स्वमग्नता चेहऱ्यावर दिसत नाही. नजर टाळणं, प्रश्नाचा शब्दशः अर्थ घेणं किंवा उशिरा उत्तर देणं हे लपवाछपवीचं लक्षण मानलं जातं, आणि ज्याला मदतीची सर्वाधिक गरज असते तोच एकटा बसतो.